डेंग्यू दुसऱ्यांदा झाला की जास्त जपा असं का सांगतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. तुमच्या दादाला अडीच वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता, तेव्हा घरीच बरा झाला. आता परत ताप आलाय, आज तिसरा दिवस, डेंग्यूची एनएस वन टेस्ट पॉझिटिव्ह आलीये आणि डॉक्टर म्हणाले की दुसऱ्यांदा आहे, जास्त लक्ष ठेवा. तुम्ही विचारताय की गोवर, कांजण्या एकदा होऊन गेल्या की शरीर शिकतं, परत होत नाहीत, मग डेंग्यूत हे उलटं कसं? दादाची इम्युनिटी कमी पडतेय का, आणि ती वाढवायला गोळ्या, काढा, पपईच्या पानांचा रस असं काही द्यावं का?

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं विषाणूंच्या लॅबमध्ये काम करतेय, त्यातली बरीचशी डेंग्यू-चिकुनगुन्यावरच गेली. वॉर्डात सलाईन किती लावायचं हे मी ठरवत नाही, ते तुमचे डॉक्टर दादाला समोर बघून ठरवणार, आणि त्यांनी सांगितलंय ते अगदी बरोबर आहे. पण ते असं का म्हणाले हे मी सांगू शकते, कारण हा प्रकार मी स्वतः पेशींवर वाढवून बघितलाय.

मुळात अडचण अशी आहे की इम्युनिटी हा शब्द आपण मोबाईलच्या बॅटरीसारखा वापरतो, इतके टक्के आहे, कमी झाली, चार्ज केली. डेंग्यूत ते चालत नाही. तिथे प्रश्न किती आहे हा नसून कशाविरुद्ध आहे, किती घट्ट जुळते आणि कधी येते हा असतो. तुमच्या दादाच्या शरीराने मागच्या वेळी शिकलेलं सगळं शाबूत आहे, विसरलेलं काही नाही, आणि नेमकं तेच अर्धवट जुळणारं शिक्षण या वेळी घात करू शकतं. "करू शकतं" म्हणतेय, "करेलच" नाही, कारण दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांपैकीही बहुतेक लोक नीट बरे होतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधीच सांगते. एक, मागच्या वेळी खरंच डेंग्यू होता का? जुना रिपोर्ट सापडला तर बघा. तेव्हा एनएस वन पॉझिटिव्ह असेल तर बऱ्यापैकी खात्री, पण नुसत्या कार्ड टेस्टवर आयजीएमची, म्हणजे सुरुवातीला येणाऱ्या अँटीबॉडीची, रेघ उमटली होती म्हणून डेंग्यू म्हटलं असेल तर मी तेवढी खात्री देणार नाही, ती रेघ दुसऱ्या कारणानेही उमटते. दोन, तेव्हा कुठला प्रकार होता आणि आत्ता कुठला, हे साध्या टेस्टमध्ये कळत नाही. तीन, दादाचं वय, वजन, डायबेटिस आहे का, मध्ये किती काळ गेला, या सगळ्याचा फरक पडतो. त्यामुळे खाली लिहितेय ते दादाचं भविष्य म्हणून वाचू नका, यंत्रणा कशी चालते तेवढं समजून घ्या.

आता विषाणूकडे येऊ. डेंग्यूचा विषाणू म्हणजे साधारण पन्नास नॅनोमीटरचा गोळा, एका मिलिमीटरात ओळीने वीस हजार बसतील एवढा. आत आरएनएची एकच साखळी, जवळपास अकरा हजार अक्षरांची, आणि त्यात फक्त दहा प्रथिनांची कृती लिहिलेली. एवढ्या भांडवलावर तो माणसाला आडवा पाडतो, कारण बाकी सगळं सामान तो आपल्या पेशीचंच वापरतो. पण त्यासाठी आधी पेशीच्या आत शिरायला लागतं, आणि माझ्या मते डेंग्यूची सगळी गोष्ट या शिरण्यातच आहे.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी चावते तेव्हा लाळेसोबत विषाणू कातडीत सोडते. तिथे आपल्या पहारेकरी पेशी असतात, डेंड्रिटिक सेल म्हणतात त्यांना, परकं काही दिसलं की उचलायचं आणि जवळच्या गाठीत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये नेऊन दाखवायचं हे त्यांचं काम. त्यांच्या अंगावर साखरेचे रेणू पकडणारे हात असतात, त्यातल्या एकाचं नाव डीसी-साइन. डेंग्यूच्या गोळ्यावर साखर चिकटलेली असतेच, ती या हातात अडकते आणि पेशी त्याला आत ओढून घेते. म्हणजे विषाणूला दार फोडावं लागत नाही, पेशी स्वतःच तिच्या पातळ कातडीची पिशवी करून त्याला आत घेते.

आत घेतल्यावर पेशीचा बेत त्याला जिरवायचा असतो, म्हणून ती त्या पिशवीत आंबटपणा वाढवत जाते. आणि विषाणू नेमका त्याचीच वाट बघत असतो. त्याच्या अंगावर ई नावाच्या प्रथिनाच्या १८० प्रती असतात, दोन-दोनच्या ९० जोड्या, आणि त्या कौलारू छपरावरच्या कौलांसारख्या आडव्या पडलेल्या असतात. दुधात लिंबू पिळलं की ते हळूहळू बदलत नाही, एकदम फाटतं, तसंच आंबटपणा एका पातळीच्या पुढे गेला की ही कौलं जोड्या सोडून तीन-तीनच्या गटात उभी राहतात आणि त्यांची टोकं पिशवीच्या आवरणात घुसतात. मग ती दुमडतात, विषाणूचं आवरण आणि पिशवीचं आवरण एकमेकांना चिकटून एक होतं, भोक पडतं आणि आरएनए पेशीच्या मोकळ्या भागात सांडतो. पेशीचं शस्त्र विषाणूने इशारा म्हणून वापरलं. लॅबमध्ये पेशींना अमोनियम क्लोराइड देऊन त्या पिशवीतला आंबटपणा येऊ दिला नाही तर विषाणू आतच अडकून पडतो, इन्फेक्शन होतच नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा प्लेट कितीतरी वेळ खिडकीच्या उजेडात धरून बघत बसले होते, एका बाजूच्या पेशी डागांनी भरलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या स्वच्छ.

आरएनए एकदा सुटला की पेशीची यंत्रं त्याला आपलाच निरोप समजून वाचतात. एक लांबलचक प्रथिन तयार होतं, त्याचे दहा तुकडे पडतात, तीन गोळा बांधायला आणि सात कारखाना चालवायला. हे सात एनएस वन ते एनएस फाइव्ह अशा नावांचे, आणि दादाच्या रिपोर्टवरचा एनएस वन त्यातलाच, रक्तात इतका सांडतो की पहिल्या दिवसापासून टेस्टमध्ये सापडतो.

आता शरीर काय करतं. पेशी आंधळी नसते. तिच्या आत रिग-आय नावाचे पहारेकरी फिरत असतात, ते विषाणूच्या आरएनएची वेगळी ठेवण ओळखतात, कारण आपल्या निरोपांवर जशी टोपी असते तशी ती नसेल किंवा दुहेरी साखळी दिसली की ते गजर करतात. त्या गजरातून इंटरफेरॉन बाहेर पडतं, आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये शोधलेलं. ते शेजारच्या पेशींना सांगतं की गावात चोर आलाय, कड्या लावा. शेजारच्या पेशी मग शेकडो जीन चालू करतात, कोणी विषाणूचा आरएनए कापतं, कोणी प्रथिनं बनवणंच थांबवतं, कोणी त्या आंबट पिशवीतून बाहेर पडण्याची वाट अडवतं. दादाला आत्ता जे हाडं मोडल्यासारखं दुखतंय, कणकण येतेय, खावंसं वाटत नाहीये त्यात या इंटरफेरॉनचा मोठा वाटा आहे. पूर्वी हेपेटायटिस सीच्या पेशंटला इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे तेव्हा कुठलाही नवा विषाणू नसताना त्यांना अस्साच ताप आणि अंगदुखी व्हायची.

पण विषाणूही गप्प बसत नाही. आपल्या पेशीतल्या पडद्यांच्या घड्यांमध्ये तो छोट्या छोट्या खोल्या करतो आणि आरएनएच्या प्रती तिथे लपून काढतो म्हणजे पहारेकऱ्याला दिसायला नको. त्याचा एनएस फाइव्ह स्वतःच्या आरएनएवर आपल्यासारखी टोपी बसवतो, आणि वर इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारा स्टॅट-टू नावाचा जासूद पकडून नष्ट करायला लावतो. म्हणजे बाहेर इंटरफेरॉन ओरडतंय आणि आत ऐकायला कोणी नाही. यातली मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे डेंग्यूला हे माणसाच्या स्टॅट-टूवर जमतं, उंदराच्या स्टॅट-टूवर जमत नाही. म्हणून साध्या उंदराला डेंग्यू होतच नाही, प्रयोगासाठी इंटरफेरॉनचा कान काढून टाकलेले खास उंदीर लागतात. डेंग्यूवर औषध शोधायला इतकी वर्षं का लागतायत त्याचं हेही एक कारण आहे, आजाराची नीट नक्कल करणारा प्राणीच हाताशी नाही.

पाच-सहा दिवसांत अँटीबॉडी, म्हणजे त्या विषाणूला चिकटायला शरीराने घडवलेली प्रथिनं, यायला लागतात, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा इथून सुरू होतो.

डेंग्यू हा एक विषाणू नाही, चार आहेत. त्यांना एक, दोन, तीन, चार अशीच नावं दिलीयत. एकमेकांचे चुलत भाऊ म्हणा, चेहरेपट्टी मिळती पण माणसं वेगळी. एकचा डेंग्यू झाला की एकविरुद्धचं संरक्षण जवळपास जन्मभर टिकतं, तिथे तुमचं कांजण्यांचं उदाहरण चपखल बसतं. पण दोन, तीन, चारविरुद्ध संरक्षण थोडाच काळ. अल्बर्ट सेबिन, तेच पोलिओचे तोंडाने द्यायचे थेंब बनवणारे, त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वयंसेवकांवर हे तपासलं होतं, दुसऱ्या प्रकाराविरुद्धचा आडोसा दोन-तीन महिन्यांतच विरत गेला. नंतरच्या अभ्यासांत तो काळ वर्ष-दोन वर्षांपर्यंत लांबलेला दिसतो. दादाला अडीच वर्षं झालीत, म्हणजे आडोसा गेलेला असण्याची शक्यता जास्त.

जुन्या अँटीबॉडी मात्र रक्तात आहेत. त्या नव्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करण्याइतक्या घट्ट नाही किंवा पुरेशा संख्येने नाही. आणि आपल्या भक्षक पेशी, म्हणजे मोनोसाइट आणि मॅक्रोफेज, यांच्या अंगावर अँटीबॉडीचं शेपूट पकडणारे आकडे असतात, एफसी रिसेप्टर. अँटीबॉडी लागलेलं जे दिसेल ते ओढायचं आणि जिरवायचं, एरवी ही फार उत्तम सोय आहे, बॅक्टेरिया असाच मरतो. पण डेंग्यूला तर आंबट पिशवीतच जायचंय ना. चोराच्या बखोटीला धरून त्याला चौकीत न्यावं आणि तिजोरी त्याच चौकीत असावी, तसं होतं. जी पेशी त्याला एरवी क्वचित मिळाली असती ती अँटीबॉडीने आयती हातात दिली. शिवाय या मागच्या दाराने आत आलं की गजरही दबका होतो असं दिसतं.

विषाणूचे सगळे गोळे पूर्ण तयारही नसतात. बाहेर पडताना त्यांच्या अंगावरचं एक टोपण कापलं जायला लागतं, डेंग्यूत ते बऱ्याचदा अर्धवटच कापलं जातं. असे कच्चे गोळे एकट्याने कुणाला लागण करू शकत नाहीत, पण त्या टोपणाविरुद्धची अँटीबॉडी त्यांना चिकटली की तेही भक्षक पेशीत शिरतात आणि आत गेल्यावर पिकतात. हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं, जे फुकट गेलं असतं तेही शरीराने कामाला लावलं.

हा प्रकार मी स्वतः केलाय म्हणून सांगते. के५६२ नावाच्या पेशी असतात, त्यांना डेंग्यू एरवी फारसा लागत नाही, पण त्यांच्यावर तो एफसीचा आकडा असतो. मी डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाचं सीरम, म्हणजे रक्तातला अँटीबॉडी असलेला पातळ भाग, घेतलं आणि पातळ करत गेले, विषाणू मात्र सगळीकडे सारखाच. घट्ट सीरम असताना जवळपास काही नाही, अँटीबॉडी इतक्या की विषाणू पुरता झाकला गेला. अगदी पातळ केलेलं, म्हणजे नसल्यासारखंच, तेव्हाही थोडंच. आणि मधल्या पातळीवर एकदम डोंगर, काहीच अँटीबॉडी नसताना जेवढ्या पेशींना लागण झाली होती त्याच्या कितीतरी पट. मी तो प्रयोग परत केला कारण माझाच विश्वास बसेना, परत तोच डोंगर त्याच जागी.

हे फक्त प्लेटमध्ये होतं का? नाही, आणि म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं. स्कॉट हॉलस्टेड यांनी साठच्या दशकात बँकॉकमधल्या मुलांमध्ये बघितलं की गंभीर डेंग्यू बहुतेक दुसऱ्यांदा झालेल्यांना होतो, आणि दुसरा एक गट म्हणजे पहिल्यांदाच डेंग्यू झालेली पण वर्षाच्या आतली बाळं. बाळांना का? कारण आईच्या अँटीबॉडी नाळेतून आलेल्या, जन्मानंतर त्या पुरेशा होत्या, सहा-नऊ महिन्यांत घटत घटत नेमक्या त्या मधल्या पातळीवर आल्या. क्युबात १९७७ मध्ये एक नंबरची साथ आली, मग १९८१ मध्ये दोन नंबरची, आणि दुसऱ्या साथीत गंभीर झालेल्यांत पहिल्या साथीत सापडलेले लोक उठून दिसत होते. तिथेच १९९७ मध्ये, वीस वर्षांनी, सॅन्टियागो द क्युबा शहरात परत दोन नंबर आला तर तेव्हाही गंभीर आजारी पडलेले बहुतेक तेच, १९७७ च्या साथीतून गेलेले, एव्हाना मोठे झालेले. निकाराग्वामध्ये मुलांच्या रक्ताची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, तो अभ्यास २०१७ मध्ये आला, आणि त्यात अँटीबॉडी खूप असलेली मुलं सुरक्षित, अजिबात नसलेली मुलं बऱ्यापैकी ठीक आणि मधल्या पातळीवरच्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका सात पटींहून जास्त. माझ्या प्लेटमधला डोंगर तिथे मुलांमध्ये दिसत होता.

फिलिपिन्सचं उदाहरण यासाठी सांगते की ते मला अजून टोचतं. २०१६ पासून तिथे डेंगव्हॅक्सिया ही लस शाळकरी मुलांना दिली, आठ लाखांहून जास्त मुलं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात लसीनंतर डेंग्यू झाला तर तो गंभीर होण्याचा धोका वाढतो. म्हणजे लस त्यांच्यासाठी पहिल्या डेंग्यूसारखी ठरली, आणि नंतर चावलेला डास दुसऱ्यांदाचा. म्हणून आता नव्या लसी चारही प्रकार एकदम आणि समतोल शिकवतील असं बघतात. आपल्याकडे आयसीएमआर ही सरकारी संशोधन संस्था आणि पॅनेशिया बायोटेक ही कंपनी यांची डेंगीऑल ही लस २०२४ च्या ऑगस्टपासून तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आहे, दहा हजारांहून जास्त लोकांवर. मी त्या निकालाची मनापासून वाट बघतेय.

चिकुनगुन्याचं मात्र असं नाही, कुणी विचारायच्या आत सांगते. त्याचा एकच प्रकार, म्हणजे सिरोटाइप, आहे, एकदा झाला की सांधे महिनोन् महिने छळतील पण परत होण्याची भीती जवळपास नाही. आपल्या बार्शीला १९७३ मध्ये त्याची मोठी साथ आली होती, त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं तो देशात गायब होता आणि २००५-०६ मध्ये परत आला तेव्हा नवी पिढी त्याने कधी पाहिलीच नव्हती, म्हणून तो गावंच्या गावं झोपवत गेला.

इथवर आलेलं थोडक्यात परत सांगते, कारण मी भरपूर लिहिलंय. दादाची इम्युनिटी कमी नाहीये, जुन्या प्रकाराविरुद्धची अँटीबॉडी नव्या प्रकाराला अर्धवट चिकटतेय, आणि तशी चिकटलेली अँटीबॉडी त्याला भक्षक पेशीत जायचा रस्ता देऊ शकते. त्यामुळे विषाणू जास्त वाढू शकतो आणि शरीराचा प्रतिसादही जास्त जोराचा होऊ शकतो.

आता यातून पुढे काय होतं ते नीट वाचा, कारण लोक फसतात ते इथेच. ताप उतरला की घरात सगळे सुस्कारा सोडतात. डेंग्यूत गंभीर व्हायचं असेल तर ते बहुतेक ताप उतरतानाच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत होतं, साधारण चौथ्या ते सहाव्या-सातव्या दिवशी. त्या वेळी रक्तातला विषाणू उलट कमी होत चाललेला असतो. मग त्रास कोण देतं? एक तर तो रक्तात सांडलेला एनएस वन. आपल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून साखरेचं एक मऊ अस्तर असतं, एनएस वन ते अस्तर झडायला लावतो, आणि भक्षक पेशी व टी सेल नावाच्या लढाऊ पेशी यांनी सोडलेली रसायनं रक्तवाहिन्यांच्या पेशींमधल्या फटी सैल करतात. मग रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, पोटात आणि छातीत झिरपतं. लाल पेशी मोठ्या, त्या आतच राहतात, म्हणून रक्त दाट होतं, सीबीसीच्या रिपोर्टवर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट वाढत जातो. प्लेटलेटही त्याच वेळी घसरतात, बोनमॅरोमध्ये बनणं मंदावलेलं असतं आणि बाहेर त्या खर्चही होत असतात.

सगळ्यांची नजर प्लेटलेटच्या आकड्यावर असते, मला ते समजतं, तो आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाईक तोच विचारतात. पण माणूस शॉकमध्ये जातो, म्हणजे त्याचं रक्ताभिसरण कोलमडतं, तो मुख्यतः या झिरपण्यामुळे. प्लेटलेट पडतायत आणि पीसीव्ही वर चढतोय, हे दोन्ही एकदम दिसलं तर मी फोन उचलून वॉर्डला कळवते, रिपोर्ट छापून जायची वाट बघत नाही. एकदा माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका तरुण मुलाचा असा रिपोर्ट होता, ताप उतरला म्हणून घरचे त्याला डिस्चार्ज मागत होते, मी फोन केला, त्याचा हात तेव्हा गार पडायला लागलेला होता. वेळेत सलाईन मिळालं, तो वाचला. तेव्हापासून पीसीव्हीची जोडी लावल्याशिवाय मी डेंग्यूचा सीबीसी वाचत नाही.

म्हणून दादाचा ताप उतरल्यावरचे दोन दिवस डॉक्टरांना विचारून सीबीसी रोज करा, आणि यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा: पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार, लघवी फार कमी, उभं राहिलं की चक्कर, किंवा एकदम सुस्त पडणं नाहीतर उगाच बेचैन होणं. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डिस्प्रिन, डायक्लोफेनॅक यातलं काही नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोंडाने ओआरएस, शहाळं, भाताची पेज, ताक, जे जाईल ते थोडं थोडं सतत. झिरपणारं पाणी भरून काढायचं हाच डेंग्यूच्या उपचाराचा कणा आहे, पण सलाईन गरजेपेक्षा जास्त लावलं तर तेच पाणी नंतर फुप्फुसात जातं, म्हणून ते मोजून लावावं लागतं आणि ते डॉक्टरांवर सोडा.

इम्युनिटी वाढवायच्या गोळ्या आणि काढे देऊ नका असंच मी म्हणेन. वर सगळं लिहिलं ते याचसाठी, दादाला आत्ता जास्त प्रतिसादाची गरजच नाहीये, आणि उलट्या होत असलेल्या माणसाला कडू काढा पाजून ओआरएसची जागा घालवणं मला पटत नाही. मग उलटं, प्रतिसाद दाबायला स्टेरॉइड द्यावं का? व्हिएतनाममध्ये ट्रायल झालीये, फायदा दिसला नाही. पपईच्या पानांचं म्हणाल तर काही छोट्या ट्रायल आहेत ज्यात प्लेटलेट जरा लवकर वाढल्या, पण त्यामुळे झिरपणं थांबलं किंवा शॉक टळला असं कुठे सिद्ध झालेलं नाही. प्लेटलेट बरं होताना आपोआप चढतातच, आणि श्रेय त्या दिवशी जे प्यायलं त्याला मिळतं. रक्तस्राव नसताना नुसता आकडा कमी म्हणून प्लेटलेटची बाटली चढवायचा आग्रहही करू नका, सिंगापूर आणि मलेशियातल्या पेशंटवर २०१७ मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये त्याने रक्तस्राव टळला नाही.

शेवटचा भाग तुमच्या घराचा, तुम्ही लिहिलंय की आईलाही मागे डेंग्यू होऊन गेलाय आणि ती दादाच्याच खोलीत असते. डासाच्या शरीरातही विषाणूशी लढाई चालते. डासाकडे अँटीबॉडी नसतात, तो विषाणूच्या दुहेरी आरएनएचे छोटे छोटे तुकडे करतो आणि ते तुकडे नमुना म्हणून वापरून उरलेला विषाणू शोधून कापतो. ही लढाई तो जिंकत नाही, बरोबरीत सोडवतो, म्हणून डास आजारी पडत नाही आणि विषाणूही संपत नाही, मादी मरेपर्यंत तो वाहत राहते. आम्ही लॅबमध्ये डेंग्यू वाढवायला ज्या सी६/३६ पेशी वापरतो त्या एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून आपल्या पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, एनआयव्हीत, सिंग यांनी १९६७ मध्ये तयार केलेल्या पेशींच्या वंशातल्या. त्यांच्यात डेंग्यू इतका जोमाने वाढतो कारण ही कापायची यंत्रणाच त्यांच्यात बिघडलेली आहे. डासांची बाजू बळकट करायचा प्रयत्नही चाललाय, वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया असलेले डास सोडले तर त्यांच्यात डेंग्यू नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्त्यात त्याने डेंग्यू ७७ टक्के घटला, आणि पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या संस्थेनेही असे डास तयार केलेत.

पण ते होईल तेव्हा होईल. आज दादाच्या रक्तात विषाणू आहे, ताप असेपर्यंत तो डासाला देऊ शकतो, आणि आज त्याला चावलेली मादी साधारण आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्याला द्यायला तयार होते. ती फार लांब उडत जात नाही, तुमच्याच घरात किंवा शेजारी असते, आणि दिवसा चावते. म्हणून दादाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, निदान ताप जाईपर्यंत आणि पुढे एक-दोन दिवस. आईला दुसऱ्या खोलीत हलवता आलं तर बघा. पिंप, कुलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली आजच रिकामी करा, आणि नुसतं पाणी ओतून देऊ नका, आतली कड काथ्याने घासा, एडिसची अंडी तिथे चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. दर आठवड्याला एकदा हे करा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

जुना रिपोर्ट सापडला तर त्यातल्या एनएस वन, आयजीएम आणि आयजीजी या तीन ओळी इथे लिहा, आणि आत्ताच्या सीबीसीतला रोजचा पीसीव्ही आणि प्लेटलेट तारखेसकट. मी रात्री आठनंतर बघते. मात्र वर सांगितलेलं एकही लक्षण दिसलं तर माझ्या उत्तरासाठी थांबू नका, दादाला घेऊन निघा.